काढला कागद

गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. उचलला तर थेट, "जये, कणसं भरलीत. रविवारी येणार हायस, का मीच सगळं खाऊन टाकू?" मागून बाबांचा आवाज, "अक्का, जरा हळू बोल, तिला येतंय ऐकू." त्यावर आत्या म्हणाली, "पुण्यापर्यंत आवाज जायचा म्हंजे जोर लावावाच लागतो," आणि फोन ठेवून मोकळी. येते की नाही हे सांगायलासुद्धा मला जागा ठेवली नाही. मग काय, बसलेल्या जागीच शनिवारचं तिकीट काढलं.

हुरड्याचा हंगाम तसा लहानच. ज्वारीच्या कणसात दूध भरतं, ते घट्ट व्हायला लागतं, आणि मधले थोडे दिवस दाणा ना धड ओला ना धड वाळलेला असा असतो. तेवढ्यात भाजून खाल्ला तर हुरडा. चुकलात तर पुढे भाकरीच. पुण्यात हल्ली रस्त्याकडेला हुरडा पार्टीच्या पाट्या दिसतात. बैलगाडीत बसवतात, फेटा बांधतात, फोटो काढतात, आणि हुरडा प्लेटमध्ये चमच्याने देतात. चमच्याने! आमच्या चारठाण्यात कुणी चमच्याने हुरडा खाल्ला तर गावभर बातमी होईल. हुरडा हाताने खायचा. गोवऱ्यांच्या आगटीतून निघालेलं कणीस तळव्यावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि गरम दाणे तोंडात टाकायचे, लगोलग तिळाची चटणी. या खाण्यात जिभेआधी हाताला मजा येते.

म्हणूनच मला सगळे हुरडे आठवत नाहीत, दोन वर्षांपूर्वीचा तेवढा आठवतो. त्या वर्षी माझा उजवा हात गेला होता.

गेला म्हणजे तुटला-बिटला नाही. दिसायला अगदी धडधाकट. पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं आधी मुंग्या आल्यासारखी झाली आणि मग हळूहळू माझी राहिलीच नाहीत. कुर्त्याची गुंडी लागेना. चहाचा कप हातातून सुटला तेव्हा तो सुटलाय हे फुटल्याच्या आवाजावरून कळलं. आणि मी काम काय करत होते? लोकांच्या तब्येतीची काळजी घेणारं ॲप बनवत होते. "फार वेळ बसलात, उठा", "पाणी प्या", "डोळ्यांना विश्रांती द्या", असं प्रेमाने सांगणारं. त्या सूचना कुठल्या रंगात आल्या म्हणजे माणूस ऐकेल, यावर आमच्या मीटिंगा चालायच्या. माझ्या स्वतःच्या फोनवर त्या मी बंद करून टाकल्या होत्या, कारण कामात व्यत्यय यायचा.

मला लहानपणापासून खोड आहे, काही बिघडलं की ते उघडून बघायची. बाबांचा रेडिओ, आईचा मिक्सर, सगळ्यांची पोटं मी फाडलेली आहेत. हाताचंही तेच. मनगटात एक अरुंद बोळ असतो, त्यातून नस जाते, बोळ सुजला की नस दाबली जाते, हे सगळं मी वाचून काढलं आणि आजाराच्या काळजीपेक्षा मला त्याचं कौतुकच वाटलं. एवढं बारीक वायरिंग, आणि जोडणाऱ्याने दुरुस्तीसाठी एक झाकणही ठेवू नये! शेवटी सुट्टी काढून गावी निघाले, वाटेत परभणीच्या डॉक्टरांना हात दाखवला, तेव्हा मी हे बोलूनही दाखवलं. ते हसले नाहीत. त्यांनी माझी बोटं एकेक करून टाचणीने टोचली, माझा चेहरा बघितला आणि विचारलं, "दिवसातून किती वेळ किबोर्डवर असता?"

"जागी असते तेवढा."

"संक्रांत होईपर्यंत बंद. पट्टा बांधा. फरक पडला तर उत्तम. नाही पडला तर मनगट उघडावं लागेल. आणि आत्ताच सांगतो, फार दिवस दाबलेली नस मोकळी केली तरी बोटं पहिल्यासारखी होतीलच असं नाही."

परभणीहून जिंतूर, जिंतूरहून चारठाणा, दोन्ही एसट्यांमध्ये मी खिडकीशी बसून डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं दाबत होते. दुसऱ्या कुणाची तरी बोटं धरल्यासारखं वाटत होतं. घरी आल्यावर आईने पट्टा बघितला आणि म्हणाली, "कुणी पाहुणे आले बघायला तर ओढणीखाली घे तो हात." माझ्या आईचा प्रश्नांचा क्रम वेगळा असतो. मी चिडले, ती रडली, मग आम्ही दोघींनी चहा घेतला.

त्याच आठवड्यात बाबांनी आगटी पेटवली. बांधाजवळ खड्डा, खड्ड्यात गोवऱ्या, वर राखेचा पातळ थर, आणि त्यात खुपसलेली हिरवी कणसं. धूर थोडा डोळ्यात, थोडा केसात. बाबा एकेक कणीस काढून आमच्याकडे टाकत होते. आई ते या हातातून त्या हातात उडवत होती, आत्या "हाय हाय हाय" करत पदरात झेलत होती. मी माझं कणीस उजव्या हाताच्या बोटांत धरून ऑफिसातली काहीतरी गंमत सांगत होते. मधेच आत्याचा चेहरा बदलला. "आगं टाक! टाक ते! जये, टाक!" मला वाटलं किडा आहे. तिने माझ्या हातावर फटका मारून कणीस पाडलं. बघते तर बोटांची टोकं लालभडक, आणि अंगठ्याला बघता बघता फोड येतोय. मला काही म्हणता काही कळलं नव्हतं.

घाबरले. खोटं कशाला बोलू, एवढी घाबरले की रडूही येईना. तोवर हा सगळा प्रकार म्हणजे थोडा आराम, थोड्या गोळ्या, असं मी धरून चालले होते. माझं पोट या बोटांवर, हे खरंच. पण त्या क्षणी नोकरी आठवली नाही. विस्तव आणि पाणी मला आता सारखंच लागणार, हेच डोक्यात बसलं. आत्याने माझा हात धरून घागरीत बुडवला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. त्यानंतर त्या हंगामात माझा हुरडा तिनेच चोळला. चोळायची, फुंकायची आणि माझ्या डाव्या तळव्यावर ओतायची. "खा. देवानं दोन हात उगंच न्हाई दिले."

ही माझी आत्या म्हणजे जिंतूरला एका कचेरीत इंग्रजी टायपिस्ट होती. चारठाण्याहून रोज एसटीने जाऊन येऊन तिने अख्खी नोकरी केली. लग्न ठरलं होतं, मोडलं, आणि "आता माझं डोकं खाऊ नका" म्हणून तिने तो विषय मिटवला. रिटायर झाली तेव्हा कचेरीतलं भंगारात निघालेलं तिचं मशीन तिने रीतसर अर्ज करून विकत घेतलं. ते आमच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलंय. मी आयुष्यात पहिल्यांदा कुठली कळ दाबली असेन तर ती त्याच्यावर.

इकडे माझं काम अर्धवट पडलं होतं. पुण्याच्या मॅनेजर मॅडम भल्या होत्या, सवडीने कर म्हणाल्या. पण जो भाग राहिला होता तो माझ्याच डोक्यात होता, आणि संक्रांतीच्या सुमारास तो द्यायचा होता. बोलून टाइप होतं तेही करून बघितलं. माझं इंग्रजी परभणीचं आणि त्या यंत्राचे कान परदेशातले. घसा बसला आणि पान भरलं ते नुसत्या कचऱ्याने. डाव्या हाताने एकेक कळ दाबत बसले होते, तेव्हा आत्या डाळ निवडता निवडता माझ्याकडे बघत होती. शेवटी ताट बाजूला सारून म्हणाली, "ऊठ तिथनं. कोंबडीवानी टिपायलीस का तू? सांग मला, मी टाइप मारते."

अशी आमची कचेरी अंगणात सुरू झाली. उन्हात आईच्या शिलाई मशीनचं टेबल, त्यावर लॅपटॉप, समोर लाकडी खुर्चीत आत्या. पाठ ताठ, पाय जमिनीला, मनगटं अधांतरी. "टेकवली की आमचे टायपिंगचे सर पट्टी मारायचे," म्हणाली. मी शेजारी बाजेवर बसून बोलायची. कंस उघड, स्वल्पविराम, खालच्या ओळीवर ये. तिची बोटं चालायची आणि नजर स्क्रीनवर नसायची, माझ्या तोंडाकडे असायची. काय टाइप करतोय त्याचा अर्थ ती बघतच नव्हती.

"अर्थ बघायचा नसतो टायपिंग करताना," ती म्हणाली. "अर्थ बघितला की हात अडतो. भावाभावांची भांडणं, नवराबायकोची भांडणं, काय काय मारलंय मी. अर्थ बघत बसले असते तर रोज रडतच एसटीत बसावं लागलं असतं."

पण माझ्या कामाचा अर्थ तिला हवा होता. दुसऱ्याच दिवशी विचारलं, "हे करतंय काय पण?"

"माणूस लय वेळ बसून राहिला की त्याला ऊठ म्हणतं."

"कामून? त्याच्या घरी कुणी न्हाई का ऊठ म्हणायला?"

आमच्या मीटिंगांमध्ये हा प्रश्न कुणी काढला नव्हता. मी तिला सांगितलं की आत्या, पुष्कळांच्या घरी खरंच कुणी नसतं. मीही एका खोलीत एकटीच राहते. त्यावर ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे. नीट बनव. जरा मायेनं बोलू दे त्याला."

पहिल्या दिवशी ऊन अंगणातून निघून भिंतीवर चढलं तेव्हा तिने हात थांबवले. "कागद कुठाय?"

"कसला कागद?"

"आपण दिवसभर केलेला."

मी स्क्रीन दाखवली. ती नाराज झाली. "असं कसं? आमचं बघ, पान झालं की मशीनमधनं वढून काढायचं. खर्र! त्यो आवाज झाला म्हंजे काम झालं. मग पर्स उचलायची आन् बस धरायची. डोक्यात कायबी न्हाई. तुझं काम कवा होतं?"

आमचं काम होत नाही, ते नुसतं थांबतं, तेही बॅटरी संपली तर. आज केलेलं उद्या बदलतं, परवा कुणीतरी म्हणतं हे काढूनच टाका. मी इतकी वर्षं एकही पान ओढून काढलं नव्हतं. समाधान म्हणजे काय याच्यावर ऑफिसात व्याख्यानं झाली, खुर्च्या बदलल्या, फळांच्या टोपल्या आल्या, पण हा आवाज कुणाला सुचला नव्हता. आत्याने माझ्या उत्तराची वाट बघितलीच नाही. लॅपटॉपच्या वरच्या कडेला दोन्ही हात नेऊन तिने नसलेला कागद हिसका मारून ओढला, तोंडाने "खर्र" केलं आणि जाहीर केलं, "काढला कागद." झाकण बंद.

"आत्या, एकच ओळ राहिली गं!"

"उद्याच्या पानावर."

मी पुष्कळ भांडले. रोज भांडायची. रोज ती जिंकायची.

मग एका दुपारी प्रोग्राम चालेनासा झाला. सगळं बरोबर दिसत होतं आणि काहीच चालत नव्हतं. मी वरून खाली, खालून वर वाचत होते, जेवण राहिलं, ऊन भिंतीवर चढलं. शेवटी सापडलं. जिथे जिथे एकचा आकडा हवा होता तिथे बऱ्याच ठिकाणी इंग्रजी छोटा एल होता. दोन्ही काड्यांसारखे, एकमेकांशेजारी उभे केले तरी डोळ्याला सहज फरक कळू नये. मी आत्याकडे बघितलं. ती आधी गोंधळली, मग तिने तोंडावर हात ठेवला.

"आगं, आमच्या मशीनला एकची कळच नव्हती! एल मारूनच एक करायचो आमी. बोट आपसूक तिकडं गेलं असल."

मी हसायला लागले. किती महिन्यांनी अशी हसत होते कुणास ठाऊक, पोट दुखेपर्यंत. पण ती हसली नाही. उठली आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी टेबल मांडलं तरी बाहेर येईना. स्वयंपाकघरात पाठ करून बसली होती. "माझ्यानं न्हाई व्हायचं. तुझ्या नोकरीवर आलं असतं. नोकरीभर माझ्या पानावर कुणी लाल खूण केली न्हाई, आन् भाचीचंच काम नासवलं."

तेव्हा मला कळलं की तिच्या कचेरीत एक अक्षर चुकलं तर कार्बनसकट सगळं पान फाडून पहिल्यापासून मारावं लागायचं. चूक म्हणजे तिच्या लेखी अख्खं पान गेलं. मी लॅपटॉपच आत नेला आणि तिच्यापुढे चुलीजवळ ठेवला. "हे बघ. हा एल खोड. एक मार. बस." तिने एका बोटाने, भीत भीत, मारलं. असं एकेक करत सगळे एल गेले, प्रोग्राम सुरळीत चालू झाला आणि स्क्रीनवर "फार वेळ बसलात, उठा" अशी छोटी सूचना उमटली.

"एवढ्यावर भागलं?" तिचा विश्वास बसेना. "बाकीचं पान तसंच?"

"तसंच. आमच्याकडे रोज चुकतं आत्या. चुकलेलं शोधणं हेच तर निम्मं काम."

"अन् कुणी बोलत न्हाई?"

"न्हाई."

ती स्क्रीनकडे बघत राहिली. "पुन्हा चालव," म्हणाली. मी पुन्हा चालवलं. "आणखी एकदा." मग पदर खोचला आणि बाहेर येऊन खुर्चीत बसली. त्या दिवसापासून एक म्हटलं की ती थांबून वरच्या रांगेत बोट नेताना स्वतःशीच "एकचा एक" म्हणायची. माझी नोकरी वाचली ती त्या पुटपुटण्यावर.

कागद काढून झाला की आम्ही दोघी फिरायला जायचो, गावातल्या जुन्या दगडी देवळांकडे. तिथल्या खांबांवर नक्षी आहे, लहानपणी मी तिच्यातून बोट फिरवत धावायची. त्या हंगामात मी पट्टा सैल करून रोज तसंच बोट फिरवायची. नक्षी कळायची नाही. काहीतरी आडवं आलंय एवढंच कळायचं. आत्या नुसती माझ्याकडे बघायची. आणि संक्रांत जवळ आली असताना एका संध्याकाळी मी खांबाला बोट लावलं आणि ओरडले, "आत्या, गार लागतंय!" थंडीत दगड गार असणारच, त्यात ओरडण्यासारखं काय! पण आम्ही दोघी तिथे देवळाच्या पायरीवर बसून वेड्यासारख्या हसलो. पुजारीकाकांनी आतून डोकावून बघितलं, काय झालं म्हणून. आत्या म्हणाली, "काय न्हाई महाराज, पोरीला थंडी वाजली."

डॉक्टरांनी पुन्हा टाचणी टोचली. चाकू सध्या नको म्हणाले. पण टोकांना वेळ लागेल, गरम बहुतेक सगळ्यात शेवटी कळेल, घाई करू नका. काम वेळेत पुण्याला पोचलं. मॅडमनी विचारलं, इतकं सुबक कुणी टाइप केलं? मी सांगितलं, आमच्या सीनियर आहेत.

आता मी पुन्हा माझ्या हाताने काम करते, मनगट अधांतरी ठेवून. सूचना चालू ठेवल्यात. पुण्याला निघताना मी माळ्यावरून आत्याचं मशीन उतरवलं, तिने त्यात कागद घातला आणि एकदा ओढला, तो आवाज मी फोनवर टिपून घेतला. आमच्या ॲपमध्ये दिवसाच्या शेवटी तो वाजवावा असं मी सुचवलं होतं. लोकांना कळणार नाही म्हणून ते नामंजूर झालं. बरोबरच असेल. पण माझ्या लॅपटॉपवर तो रोज संध्याकाळी वाजतो. खर्र! शेजारच्या टेबलावरचा मुलगा दचकतो. मी झाकण बंद करते. तंत्रज्ञान कुठे चाललंय, आमचं काम उद्या यंत्रंच करतील का, असं सगळेजण हल्ली विचारत असतात, मीही विचारते. भीती वाटते तशी उत्सुकताही वाटते. यंत्रं पुष्कळ शिकतील. मला ती उघडून बघायची आहेत. पण दिवसाचा कागद माझा मीच काढणार.

गेल्या वर्षी हुरड्याला गेले तेव्हा आगटीतलं कणीस उजव्या हातात घेतलं, ते नुसतं कोमट लागलं. मी ते तसंच धरून बसले. आत्याने ते माझ्या हातातून काढून घेतलं, चोळलं आणि डाव्या तळव्यावर ओतलं. परत येताना गाडीत मात्र मी रडले.

परवाच्या रविवारी बांधावर पोचले तेव्हा आगटी पेटलेली होती. बाबा कणसं खुपसत होते, आई चटणीचा डबा उघडत होती. आत्या थोडी वाकलीय आता, पण पाटावर बसली ती ताठ. मी तिच्याजवळ बसले आणि सवयीने डावा तळवा पुढे केला. तिने बाबांच्या हातातून कणीस घेतलं, पदरात धरलं, चोळलं मात्र नाही. माझा उजवा हात ओढला आणि सरळ बोटांत दिलं.

"आई गं!" कणीस उडालं ते मातीत. "आत्या, भाजलं ना!"

मातीत सांडलेला एक दाणा तिला खपत नाही. ताटातलं भाताचं शीत उचलायला लावणारी बाई. पण ती पडलेल्या कणसाकडे बघतही नव्हती. "बालाजी," ती बाबांना म्हणाली, "ऐकलंस का? भाजलं म्हणायलीय." मग माझ्याकडे वळली. "पुन्हा म्हण गं."

"भाजलं," मी म्हणाले.

आई पाण्याची घागर घेऊन धावत आली. मी नको म्हटलं. बोटं तशीच उघडी धरून बसले, चांगली चुरचुरत होती, चुरचुरू दिली. आत्याने पदराने डोळे पुसले, ताठ बसली, दोन्ही हात माझ्यापुढे हवेत नेले आणि जोरात हिसका मारला.

"खर्र," ती म्हणाली. "काढला कागद."